एक नंबरची कुस्ती आणि मुक्कामी गाडी

संगीत सभा, यात्रा आणि कुस्ती मैदानं भरवणाऱ्या सर्व मंडळांना आणि कमिट्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेली पन्नास वर्षं मी तुमच्या कार्यक्रमांना येते आहे. वारणाकाठच्या एका लहान गावात वाढले, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि आता निवृत्त होऊन पुन्हा त्याच गावात राहते. तुमच्यापैकी अनेकांनी पदरमोड करून, घरोघरी पावती पुस्तक घेऊन फिरून हे कार्यक्रम चालू ठेवले आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच तुम्हाला हक्काने लिहिते आहे. विषय एकच आहे: तुमच्या कार्यक्रमातला शेवटचा भाग आणि आमच्या गावची शेवटची एसटी.

पहिल्यांदा हा विषय मला कळला तो बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी. मी नऊ वर्षांची होते. शेजारच्या तालुक्यातल्या मोठ्या यात्रेला आण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन गेले. त्या काळी मुली मैदानात जात नसत. "पोरीला काय करायची कुस्ती?" असं आई म्हणत राहिली आणि आण्णा माझं बोट धरून घराबाहेर पडले. आम्ही पोचलो तेव्हा रेवड्यांच्या कुस्त्या चालू होत्या. माझ्यापेक्षा लहान पोरं लंगोट लावून मातीत भिडत होती आणि जिंकलेला मूठभर रेवड्या घेऊन आईबापाकडे पळत होता. मग नारळाच्या कुस्त्या झाल्या, मग पाच रुपयांच्या, दहा रुपयांच्या. हलगी आणि घुमक्याचा ठेका कुस्तीच्या रंगाप्रमाणे चढायचा नि उतरायचा. तांबड्या मातीचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. त्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल आणि कापूर मुरवलेला असतो, हे आण्णांनी मला त्या दिवशी सांगितलं.

पाहुण्यांच्या बैठकीत मारुती माने बसले होते. कवठे पिरानचे, म्हणजे आमच्याच वारणेचं पाणी प्यालेले. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य, 1964 ला हिंद केसरी, ही सगळी यादी आण्णांना पाठ होती. मला मात्र त्यांचे कान दिसले. मोडून, चुरगळून घट्ट झालेले, जणू दुसऱ्याच कुणाचे आणून लावले आहेत असे. "आण्णा, त्यांच्या कानाला काय झालंय?" मी विचारलं. आण्णा म्हणाले, "त्यो दागिना हाय, बाळ. मातीत मिळतो. दुकानात मिळत न्हाई."

दिवस कलला. दोन नंबरची कुस्ती निकाली झाली. एक नंबरच्या, म्हणजे शेवटच्या आणि सगळ्यात मोठ्या कुस्तीचे दोघे पैलवान आखाड्यात उतरले, माती उचलून कपाळाला लावली, एकमेकांच्या अंगावर टाकली, हातात हात घेतले. लोक उभे राहिले. खडाखडी सुरू झाली आणि त्याच क्षणी आण्णांनी शेजारच्या माणसाला वेळ विचारली. मग खाली वाकून मला म्हणाले, "चल, गाडी चुकंल."

आम्ही पळत स्टँड गाठला. गाडी सुरू झाली आणि मागून आरोळी उठली, अशी की गाडीच्या काचा थरथरल्या. कंडक्टरने घंटी वाजवता वाजवता विचारलं, "कोण पडला?" गाडीत चाळीसेक माणसं होती. एकालाही माहीत नव्हतं. सगळे मैदानातूनच आले होते आणि सगळे त्याच क्षणी उठून आले होते. दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या: घिस्सा डावावर चितपट. आण्णांनी त्या ओळी दोनदा वाचून दाखवल्या आणि मग अंगणात उशी घेऊन घिस्सा कसा मारतात ते मला करून दाखवलं. आयुष्यात मी पुष्कळ कुस्त्या पाहिल्या. सगळ्यात लख्ख आठवते ती ही, न पाहिलेली.

त्याच आण्णांनी मला मिरजेला नेलं. मिरज आमच्यासाठी आधी जंक्शन होतं आणि मग गाण्याचं गाव. सतारमेकर गल्लीत पंढरपूरकडून आलेले मोठमोठे भोपळे दोरीला टांगलेले असत. त्यांतून तंबोरा होतो हे मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस असायचा, ज्यात मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, आणि त्या उरुसात संगीत सभा. दर्ग्याच्या आवारात चिंचेचं झाड, त्या झाडाखाली अब्दुल करीम खाँसाहेब बसून गात, असं आण्णा सांगत. खाँसाहेब 1937 च्या ऑक्टोबरात दक्षिणेत रेल्वेने प्रवास करत असताना गेले. छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले, प्लॅटफॉर्मवर अंथरूण घातलं, तंबोरा लावायला सांगितला आणि प्रार्थना म्हणत देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून दर्ग्यातच दफन केलं. त्यांच्या नावाने तिथे रात्र रात्र गाणं चालायचं.

आम्ही घोंगडं घेऊन गेलो होतो. मी कधी झोपले ते कळलं नाही. जाग आली तेव्हा आण्णांच्या मांडीवर डोकं होतं, गार वारा सुटला होता आणि गाणारे बुवा फार हळू, फार खोल काहीतरी गात होते. आण्णा म्हणाले, "ललत हाय, पहाटंचा राग. आता उजाडंल." खरोखरच उजाडलं. समोरचा घुमट आधी काळा होता, मग राखाडी झाला, मग पांढरा. बाहेर येऊन आम्ही चहा प्यालो, आणि पहिल्या गाडीने गावी आलो. आण्णा त्याच दिवशी बैल जुंपून रानात गेले.

या रात्रीतली एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. पहाटेपर्यंत चालणाऱ्या सभेत शेवटच्या गाडीचा प्रश्नच नव्हता. शेवटची गाडी गेली तरी पहिली गाडी होती. मधली रात्र गाण्याने भरलेली असायची आणि मंडप हाच आमचा मुक्काम. बायका, पोरं, म्हातारी माणसं तिथेच लवंडायची. चोराचं भय नव्हतं, कारण हजार माणसं जागी होती.

पुण्याला डी. एड. करत असताना सवाई गंधर्व महोत्सवातही हेच पाहिलं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 ला सुरू केलेला तो महोत्सव. तेव्हा तो रात्रभर चालायचा. कुंदगोळचे, गदगचे, धारवाडचे, कोल्हापूरचे लोक वळकटी घेऊन यायचे. शाळेच्या पटांगणात ऊन पडायला लागलेलं, अंगावर शाल, डोळे चुरचुरत आहेत आणि समोर भीमसेनजींची तोडी. स्वर लागताना त्यांचा उजवा हात पुढे येऊन असा थांबायचा की वाटावं, काहीतरी अवजड वस्तू ते त्या हातावर तोलून धरत आहेत. तालाची सम आली की हात खाली यायचा आणि अख्ख्या मांडवातून एकच हुंकार निघायचा. माझ्या शेजारी उसाच्या रानात काम करणारा एक माणूस बसला होता. त्याच्या हाताला भेगा होत्या. तो रडत होता आणि पुसत नव्हता. त्यानंतर शिवाजीनगर स्टँडवर आम्ही एकाच गाडीला उभे होतो. आम्ही एक शब्द बोललो नाही.

मग नियम बदलले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं. या नियमाविरुद्ध मला काहीही म्हणायचं नाही. माझी आई शेवटच्या आजारात असताना शेजारच्या लग्नाच्या डीजेने आमच्या घराच्या भिंती हादरत होत्या. आजाऱ्याला, तान्ह्या बाळाला, दहावीच्या पोराला झोप मिळायलाच हवी. रात्रभराच्या मैफली परत आणा, अशी माझी मागणी नाही. पण त्या नियमाने एक गोष्ट घडली, जिच्याकडे तुमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलं. कार्यक्रम आता साडेनऊ, दहा, कधी बारा वाजता संपतो. खेड्यातून आलेल्या माणसासाठी घड्याळातली ही सगळ्यात वाईट वेळ आहे. शेवटची गाडी गेलेली असते आणि पहिली गाडी सहा-सात तासांवर असते. मंडपवाले लगेच सतरंज्या गुंडाळतात. मधली रात्र कुठे काढायची?

पुरुष स्टँडच्या फरशीवर पेपर टाकून झोपतात. बाईने काय करायचं? ती उठून जाते. कार्यक्रम अर्धा टाकून जाते.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी मी संगीत सभेला गेले होते. गावाचं आणि मंडळाचं नाव घेत नाही, कारण ती माणसं भली आहेत आणि हे सगळीकडेच घडतं. सहाची वेळ होती. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत, पुन्हा सत्कार, यांत सव्वासात झाले. मग दोन नवोदितांचं गाणं. मुख्य गायिका साडेआठला बसल्या आणि तंबोरे लावायला दहा मिनिटं गेली. बागेश्रीचा पहिला आलाप आला आणि माझ्या उजव्या हाताची रांग हलली. एक बाई उठली, चपला हातात घेऊन वाकून गेली. मग तिच्या मागची. मग तिघी एकदम. माझ्या पुढ्यात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी बसली होती, मांडीवर वही होती, प्रत्येक रागाचं नाव लिहून घेत होती. तिची आई तिला खुणावत होती आणि ती मान हलवून 'थोडं थांब' म्हणत होती. शेवटी आईने तिचा दंड धरला. ती मंडपाच्या दारापर्यंत मागे बघत बघत गेली. वहीत बागेश्री लिहिलं होतं की नाही, मला दिसलं नाही. मीही पाच मिनिटांनी उठले. स्टँडवर ती दिसली. नऊची मुक्कामी गाडी. आम्ही दोघी त्याच गाडीत.

आता मुक्कामी गाडीबद्दल सांगते, कारण शहरातल्या वाचकांना ती माहीत नसेल आणि माझ्या मागणीचा सगळा भार तिच्यावर आहे. रात्री तालुक्याहून सुटणारी शेवटची एसटी आमच्यासारख्या गावात येऊन थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात. सकाळी सहाला तीच गाडी शाळा-कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या आणि बाजारकरी घेऊन परत निघते. माझ्या लहानपणी गावातल्या घरांनी पाळी लावून त्यांना भाकरी पोचवली आहे. कितीतरी वर्षं आमच्या घरची पाळी शनिवारी असायची, आई पिठलं जास्त करायची. ती गाडी रात्रभर आमच्या पिंपळाखाली नुसती उभी असते. नऊला सुटली काय आणि साडेदहाला सुटली काय, सकाळपर्यंत तिला दुसरं काम नसतं. ड्रायव्हर-कंडक्टरची झोप तेवढी कमी होते, ती त्यांना आदल्या-पुढच्या दिवशी भरून देता येईल. वर्षातून दोन किंवा तीन रात्रींचा प्रश्न आहे.

आषाढीला, गणपतीला जादा गाड्या सुटतातच. लग्नासाठी प्रासंगिक करारावर अख्खी गाडी मिळते. म्हणजे व्यवस्था अस्तित्वात आहे. तुम्ही मंडपाला पैसे मोजता, ध्वनीला मोजता, कलाकाराच्या राहण्याला मोजता, फुलांच्या कमानीला मोजता. ऐकणारी माणसं घरी कशी जाणार, यासाठी तुमच्या अंदाजपत्रकात आजवर एकही ओळ मी पाहिलेली नाही.

ही काय मोठी गोष्ट, असं कुणी म्हणेल म्हणून आपल्याच नायकांची आठवण देते. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1948 ला लंडनला सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबा कांस्य घेऊन आले आणि कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्याच्या मुळाशी गाडीभाड्याची सोय करणारा एक माणूस आहे. 72 वर्षांनी, 1 ऑगस्ट 2024 ला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. भीमसेनजी तर लहानपणी गुरूच्या शोधात घर सोडून बिनतिकीट रेल्वेत चढले आणि प्रवाशांना गाणी ऐकवत ग्वाल्हेरपर्यंत गेले. त्यांच्या मनात ती ओढ कशाने पेटली? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या एका ध्वनिमुद्रिकेने. एक रेकॉर्ड पूर्ण ऐकायला मिळाली. मंडपाच्या दारातून मागे बघत गेलेल्या त्या वहीवाल्या मुलीला बागेश्री पूर्ण ऐकायला मिळाला नाही. तिचं पुढे काय होणार होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आणि एक चांगली आठवण सांगते, कारण ती याच विषयाची आहे. मार्च 2023. 17 तारखेपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच आठवड्याच्या पुढे, 23 आणि 24 तारखेला, सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. आमच्या आळीतल्या आम्ही सात जणी अर्ध्या तिकिटात गेलो. त्यांतल्या चौघींनी जन्मात कधी कुस्ती जवळून पाहिली नव्हती. एक आजी तर पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांचं तिकीटच माफ. परतीला माझा भाचा जीप घेऊन येणार होता, म्हणून आम्ही निवांत होतो. शेवटपर्यंत बसलो. आमच्याच मिरज तालुक्यातल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीने मानाची गदा घेतली. आजी उठून उभ्या राहिल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "आगं, ह्यी आपल्या तुंगची!" घरी येईस्तोवर जीपमध्ये सगळ्या एकमेकींना डाव समजावून सांगत होत्या, चुकीचे का असेनात. मला आण्णांची फार आठवण आली. पोरीला मैदानात नेलं म्हणून ज्यांना भावकीने नावं ठेवली, त्यांनी ही गदा पाहायला हवी होती.

भाच्याची जीप नसती तर आम्ही सातही जणी शेवटच्या कुस्तीआधी स्टँडवर असतो. सरकारने तिकीट अर्धं केलं, आजींना पूर्ण माफ केलं. आता गाडी वेळेला हवी, आणि ती मागायचं काम तुमचं आहे. आम्ही एकेकट्या बायकांनी आगारात जाऊन सांगितलं तर कोण ऐकणार? मंडळाच्या लेटरहेडवर, सरपंचाच्या सहीने, महिनाभर आधी आगार व्यवस्थापकांना पत्र दिलं, अमुक तारखेला अमुक तीन मार्गांच्या मुक्कामी गाड्या दीड-दोन तास उशिरा सोडा, तर त्यांनाही वेळापत्रक बसवायला अवधी मिळतो. सकाळची सहाची फेरी चुकणार नाही, एवढंच त्यांच्याशी बोलून ठरवा. जिथे हे जमणार नाही तिथे प्रासंगिक करारावर एक गाडी घ्या आणि आमच्याकडून पूर्ण तिकीट घ्या, आम्ही आनंदाने देऊ.

तेही शक्य नसेल तर निदान सत्कार शेवटी घ्या. ज्यांना सत्कार पाहायचे आहेत ते थांबतील, बहुतेक गावातलेच असतात. मुख्य गायक साडेसहाला बसवा. एक नंबरची जोड दिवस मावळायच्या आत लावा आणि लहान कुस्त्या प्रकाशझोतात होऊ द्या, पोरांना उलट त्याची मौज वाटेल. आणि जो कार्यक्रम बाराला संपणार आहे, त्याच्या मंडपाचा एक कोपरा सकाळपर्यंत राहू द्या. दोन दिवे, पिण्याचं पाणी, बायकांसाठी आडोसा आणि जागे असलेले दोन कार्यकर्ते, एवढं पुरे. घोंगडं आम्ही आणू.

यंदाच्या यात्रांची पत्रकं पौषात छापायला जातील. तुमच्या पत्रकावर देणगीदारांची नावं असतात, जोडींची नावं आणि इनामं असतात, कलाकारांचे फोटो असतात. खाली, छापखान्याच्या नावाच्या वर, बोटभर जागा बहुधा मोकळी असते. तिथे ही एक ओळ टाका: 'कार्यक्रम संपल्यावर सर्व मार्गांच्या मुक्कामी गाड्या सुटतील.' ते पत्रक आमच्या गावच्या पिंपळाला लागलं की मी स्वतः त्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या आईला वाचून दाखवीन. दोघी आमच्याच मार्गावर, दोन थांबे अलीकडे उतरतात.

आपली,
वारणाकाठची एक श्रोती आणि कुस्ती शौकीन